अवघड कादंबरी हातोहात फिरवायची तर

प्रश्न असा आलाय: एक जाडजूड, अवघड कादंबरी सात महिने खपून वाचली, संपल्यावर आठवडाभर दुसरं काही वाचवेना, म्हणून तीच कॉपी पाच मित्रमैत्रिणींमध्ये फिरवायची ठरवली. पहिल्याने चार महिने ठेवून साठाव्या पानावरून परत केली. दुसरी म्हणाली, मला नाही झेपणार. तिसऱ्याच्या कपाटात ती अजून पडून आहे आणि तो हल्ली फोनही कमी करतो. तर चूक पुस्तकाची की माणसं निवडण्याची, आणि हा नाद सोडून द्यावा का?

नाद सोडू नका. मी बावीस वर्षं ग्रंथालयाच्या काउंटरवर काढलीत आणि त्यातली सोळा वर्षं एक वाचनगट चालवतेय, त्यात आम्ही मुद्दाम दमवणाऱ्या कादंबऱ्याच घेतो, त्यामुळे तुमच्यासोबत जे झालं ते माझ्यासमोर कितीतरी वेळा झालंय आणि सुरुवातीला माझ्या हातूनही झालंय. तुम्ही पुस्तक दिलंत आणि तिथेच हात सोडलात, घोळ एवढाच. रहस्यकथा कुणाच्या हातात ठेवली की ती स्वतःच वाचणाऱ्याला ओढत नेते, तुमचं काम संपलं. अवघड कादंबरीचं तसं नसतं, तिच्या पहिल्या पन्नास-साठ पानांत वाचणाऱ्याचं बोट धरायला कुणीतरी लागतं आणि ते कुणीतरी म्हणजे देणारा. पुस्तक देऊन झालं तरी निम्मं काम तुमच्याकडेच राहतं, हे धरूनच द्यायचं.

काउंटरवर असताना मला एक सवय लागली. परत आलेलं जाड पुस्तक मिटायचं आणि पानांची कड उजेडात धरायची. खूप हातांतून गेलेल्या पुस्तकाची कड सुरुवातीला मळकट, करडी असते आणि एका ठिकाणी अचानक पांढरी होते, अगदी रेघ मारल्यासारखी. तो करडा पट्टा कुठे संपतो ते बघितलं की लोक कुठे थांबले ते कळतं, त्यासाठी कुणाला विचारायचीही गरज पडत नाही. आणि बहुतेक अवघड कादंबऱ्यांमध्ये तो पट्टा शेवटच्या तिसऱ्या भागात संपत नाही, पहिल्या सातव्या-आठव्या भागातच संपतो. म्हणजे लोक दमून सोडत नाहीत, दमायच्या आधीच सोडतात. आत शिरायलाच मिळत नाही म्हणून सोडतात. तुमच्या मित्राचं साठावं पान त्यातलंच.

आता हे बोट धरणं वगैरे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जेम्स जॉईस या आयरिश लेखकाची 'युलिसिस' २ फेब्रुवारी १९२२ ला पॅरिसमध्ये छापून आली, पहिली आवृत्ती १००० प्रतींची, पण त्याच्या दोन महिने आधी, ७ डिसेंबर १९२१ ला, व्हॅलरी लार्बो नावाच्या फ्रेंच लेखकाने तिथल्याच एका पुस्तकाच्या दुकानात भरगच्च लोकांसमोर त्या कादंबरीवर व्याख्यान दिलं होतं. ती कशी रचलीय, होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्याशी तिचं नातं काय, हे सांगितलं. खुद्द जॉईसने प्रकरणांचा एक तक्ता करून जवळच्या मोजक्या लोकांना दिला होता, कुठल्या प्रकरणात दिवसाची कुठली वेळ, कुठलं ठिकाण, कुठली लेखनपद्धत असा, आणि तो तक्ता बरीच वर्षं खाजगीत हातोहात फिरला. म्हणजे जगातल्या सगळ्यात अवघड म्हणून गाजलेल्या कादंबरीच्या पहिल्या वाचकांच्या हातातसुद्धा दोरी होती. मग आपण मित्राला नुसतं पुस्तक देऊन "वाच, जबरदस्त आहे" म्हणायचं आणि तो पोहत पलीकडे येईल अशी वाट बघत बसायचं हे बरोबर आहे का?

"जबरदस्त आहे" हे तर बोलूच नका. माझ्या एका मैत्रिणीला मी एकदा अशीच एक कादंबरी दिली होती, "तुला नक्की आवडेल, तुझ्यासाठीच लिहिलीय" असं म्हणून. तिने ती अकरा महिने ठेवली. त्या अकरा महिन्यांत आमच्या भेटी कमी झाल्या आणि मला कारण कळेना, शेवटी एक दिवस पिशवीत घालून परत दिली आणि म्हणाली, "मला वाटलं मी तुला वाटते तेवढी हुशार नाहीये." ते वाक्य मला अजून लागतं. मी कौतुक म्हणून बोलले आणि तिच्या डोक्यावर परीक्षा ठेवली. तुमचा तिसरा मित्र फोन कमी करतोय ना, तो तुम्हाला टाळत नाहीये, तो त्या पुस्तकाला टाळतोय. त्याला आजच मेसेज करा की पुस्तक मला हवंय, वाचलं नसलं तरी काही बिघडत नाही, भेटू तेव्हा घेऊन ये, आणि भेटल्यावर पुस्तकाचा विषय त्याने काढला तरच काढा. आधी मैत्री सोडवून घ्या, कादंबरीचं नंतर बघू.

उलट टोकाचं "अवघड आहे हां, बघ जमतंय का" हेही नको, ते ऐकल्यावर माणूस प्रत्येक न कळलेल्या ओळीला स्वतःचा कमीपणा समजायला लागतो. मी पुस्तक हातात देताना साधारण तीन गोष्टी सांगते आणि थांबते. कोण बोलतंय आणि कुठून बोलतंय. काय कळलं नाही तरी चालेल. आणि गाडी कुठे रुळावर येते, म्हणजे पान नंबरासकट, "१३० पर्यंत सगळे चाचपडतात, मीही चाचपडले, तिथे ते लोक घर सोडून निघतात आणि मग सुटते." तिसरी गोष्ट फार उपयोगी पडते. अंधारात चालायला लोक तयार असतात, फक्त बोगदा किती लांबीचा आहे ते कुणीतरी सांगायला लागतं.

दुसऱ्या गोष्टीचं उदाहरण देते. अमेरिकन लेखक फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी'चा पहिला भाग तेहतीस वर्षांच्या बेंजीच्या तोंडून आहे, त्याला काळ कळत नाही, त्यामुळे एका वाक्यात तो आजच्या दिवशी असतो आणि पुढच्या वाक्यात पंचवीस-तीस वर्षं मागे लहानपणात. वर क्वेंटिन नावाची दोन माणसं, एक बेंजीचा भाऊ आणि एक त्याच्या बहिणीची मुलगी. हे आधी माहीत नसेल तर वाचणारा "अरे हा मुलगा होता ना, मुलगी कधी झाला" म्हणून चार पानं मागे जातो, परत येतो, परत मागे, आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक बंद. फॉकनरचीच इच्छा होती की वेगवेगळा काळ वेगवेगळ्या रंगाच्या शाईत छापावा, त्याच्या हयातीत ते जमलं नाही, २०१२ मध्ये एका प्रकाशनाने त्या भागाची १४ रंगांतली आवृत्ती खरोखर काढली. आम्हाला ती कुठली मिळायला, आमच्या गटातल्या एकाने रंगीत पेन्सिलींनी समासात नुसत्या उभ्या रेघा ओढल्या, लहानपण हिरवं, आजीच्या मृत्यूची रात्र निळी, आजचा दिवस तसाच कोरा. त्या कॉपीवर नंतर सात जणांनी तो भाग पार केला. अर्थ कुणी कुणाला सांगितला नाही, फक्त काळ बदलला एवढं रेघेने सांगितलं. १९५६ च्या एका मुलाखतीत फॉकनरला विचारलं होतं की दोन-तीनदा वाचूनही तुमचं लिखाण कळत नाही म्हणणाऱ्यांनी काय करावं, तर तो म्हणाला चौथ्यांदा वाचावं. लेखकाने असं म्हणणं मला मान्य आहे. पुस्तक देणाऱ्याने असं म्हणून चालत नाही.

तर बुकमार्क करा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर माणसांची नावं आणि कोण कुणाचं कोण. मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तीच तीच नावं येतात, त्यातल्या एकट्या कर्नलच्या १७ मुलांची नावं ऑरेलियानो आहेत, तिथे वंशवृक्ष पुन्हा पुन्हा बघावाच लागतो आणि तो पहिल्या पानावर असून फायदा नाही, बोटाखाली पाहिजे. फक्त एक जपा, बुकमार्कवर पुढचं काही फुटू देऊ नका, कोण मरतं, कोण कुणाशी लग्न करतं ते नाही. प्रस्तावनेचंही तेच. बऱ्याच प्रस्तावना पुस्तक वाचून झालेल्यांसाठी लिहिलेल्या असतात आणि शेवट बिनदिक्कत सांगून टाकतात, म्हणून मी प्रस्तावनेच्या पानांना क्लिप लावून देते, वर चिठ्ठी, "शेवटी वाच." गाईडबुकं, यूट्यूबवरची स्पष्टीकरणं हेही नंतर.

पेन्सिलीबद्दल थोडं जास्त सांगते कारण माझ्या मते फिरत्या कॉपीचा जीव पेन्सिलीत असतो. (ग्रंथालयाच्या पुस्तकात कृपया नको, आपल्या स्वतःच्या कॉपीत.) चार्ल्स लॅम या इंग्रज निबंधकाराने १८२० च्या एका निबंधात पुस्तकं उसनी नेणाऱ्यांवर भरपूर राग काढलाय, पण आपल्या मित्राबद्दल, कवी कोलरिजबद्दल, तो उलटं सांगतो, की याला पुस्तक खुशाल द्या, तो व्याजासकट परत करतो, समासात इतकं लिहून ठेवतो की पुस्तकाची किंमत तिप्पट होते. दोनशे वर्षं जुनी गोष्ट, पण आमच्या गटात नवीन कुणी आलं की मी ती सांगतेच, कारण लोकांना पुस्तकात लिहायची भीती असते. आमचा नियम सोपा आहे, प्रत्येकाने आपलं आद्याक्षर टाकून लिहायचं, पहिल्या वेळी फक्त प्रश्न आणि खुणा, पंडिती करायची नाही, पुढचं सांगायचं नाही.

आणि यातून काय होतं ते एका पानावर दाखवते. आमच्याकडे एक कॉपी फिरत होती, नाव सांगत नाही कारण ज्यांना ती वाचायचीय त्यांची मजा जाईल, तिच्यात एक मोठं सलग वर्णन आहे, एका उजाड घराचं, नऊ पानं, संवाद नाही, पॅरा नाही. पहिल्या चारातले तिघे तिथेच थांबले होते, कड बघितली तर पट्टा बरोबर तिथेच तुटलेला. मग पाचवीने, ती शाळेत शिकवते आणि फार कमी बोलते, त्या वर्णनाच्या सहाव्या पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलं: "इथे मीही पुस्तक ठेवलं होतं. वीस दिवसांनी परत उघडलं. अजून तीन पानं फक्त, मग पाऊस येतो." एवढंच. त्यानंतर त्या पानावर कुणी थांबलं नाही. सहाव्याने तिच्या ओळीखाली लिहिलं, "आला." सातवीने त्याखाली नुसती टिकमार्क केली. मी ते पान कितीदा उघडून बघते सांगता येणार नाही, मला त्या तीन अक्षरांच्या रांगेत सगळा वाचनगट दिसतो. त्या ओळीत त्या वर्णनाचा अर्थ कुठेही नाहीये, पण माझ्याआधी इथे कुणीतरी अडलं होतं आणि पुढे गेलं एवढं कळलं की माणूस तीन पानं सहज काढतो.

कुणाला आधी द्यायचं, हा तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग. बहुतेकजण सगळ्यात जास्त वाचणाऱ्याला आधी देतात आणि माझ्या अनुभवात ते उलटं पडतं, कारण भरपूर वाचणाऱ्याकडे आधीच वीस पुस्तकं रांगेत असतात आणि भराभर वाचायची सवय असते, अवघड कादंबरी भराभर वाचली की हाती काही लागत नाही. मी बघते की कुणाला म्हाताऱ्या माणसांचं फाटे फुटत जाणारं बोलणं कंटाळा न येता ऐकता येतं. असे लोक वर्षाला चार पुस्तकं वाचत असले तरी चालतात. आमच्यातला एक इलेक्ट्रिशियन आहे, त्याने आमच्याकडे येण्याआधी कादंबरीच वाचली नव्हती, आणि तो ज्या शांतपणे गुंता उलगडतो ना, म्हणतो वायर कुठून आली ते कळलं की झालं, आज आमच्यात सगळ्यात अवघड पुस्तकं पहिल्यांदा त्याच्याकडे जातात.

दिल्यानंतर दोन आठवड्यांनी फोन करा, पण "किती झालं?" विचारू नका. किती झालं हा हिशेब मागितल्यासारखा प्रश्न आहे, त्याचं उत्तर पान नंबरात येतं आणि पान नंबर नेहमीच कमी वाटतो. "कुठे आहेस?" विचारा. मग समोरचा म्हणतो, "अरे ते दोघं अजून स्टेशनवरच बसलेत, हलेनात," आणि तुम्ही म्हणता, "हो ना, मलाही तिथे वाटलं होतं की गाडी येतच नाही," आणि गप्पा सुरू. त्यासाठी तुमच्याकडे एक कॉपी हाताशी पाहिजे, म्हणून जमलं तर दोन घ्या, एक फिरायला आणि एक तुमच्याजवळ, आणि दोन्ही एकाच आवृत्तीच्या, नाहीतर पान नंबर जुळत नाहीत आणि प्रकरणाच्या भरवशावर ओळ शोधण्यात निम्मा फोन जातो. ई-बुकात नाव सर्च करता येतं ही सोय मोठी आहे. पण चोरीची पीडीएफ फिरवू नका, अशी पुस्तकं मुळात कमी खपतात आणि ती लिहिणाऱ्याने त्यात आयुष्याची वर्षं घातलेली असतात. कुणी मूळ भाषेत आणि कुणी अनुवादात वाचत असेल तर चांगलंच, अडलेलं वाक्य दोन्हीकडून ऐकलं की कधीकधी आपोआप सुटतं.

मुदत ठेवावी का? ठेवावी, पण ती पुस्तकाला, वाचणाऱ्याला नाही. सोव्हिएत काळात बंदी असलेली पुस्तकं लोक टाइपरायटरवर कार्बन घालून एकावेळी चार-पाच प्रती काढायचे आणि त्या एकेका रात्रीसाठी हातात मिळायच्या, बुल्गाकोव्हची 'मास्टर अँड मार्गारिटा' ही कादंबरी १९६६-६७ मध्ये मासिकात काटछाट करून छापली गेली तेव्हा कापलेला मजकूरसुद्धा असाच टाइप होऊन फिरला. सकाळी पुढचा माणूस वाट बघतोय हे माहीत असायचं. आपल्यावर तसली वेळ नाही, पण पुढचा माणूस नावानिशी माहीत असणं फार कामाचं आहे. आम्ही मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला नावांची चिठ्ठी चिकटवतो आणि पुस्तक सहा आठवड्यांनी पुढे जातंच, वाचून झालेलं असो नसो. ज्याचं राहिलं त्याने नाव परत तळाला लिहायचं. हे आधीच सांगितल्यामुळे कुणाला अपराधी वाटत नाही, आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण करणारे आमच्याकडे बरेच आहेत, मधल्या काळात पुस्तक डोक्यात मुरलेलं असतं. जे दोनदा घेऊनही सोडतात त्यांच्या मागे मी लागत नाही, प्रत्येक पुस्तक प्रत्येकाचं नसतं आणि मीही काही थोर कादंबऱ्या आजवर पूर्ण केलेल्या नाहीत.

वगळायलाही परवानगी द्या. 'मोबी डिक'मधलं देवमाशांच्या वर्गवारीचं ३२ वं प्रकरण वगळून पुढे गेलं तर कादंबरी मोडत नाही, नंतर लोक स्वतःहून मागे येऊन ते वाचतात. अर्जेंटिनाच्या कोर्तासारने तर 'रायुएला'मध्ये, १९६३ ची कादंबरी, स्वतःच दोन वाटा आखून दिल्यात, एक म्हणजे १ ते ५६ प्रकरणं सरळ वाचून बाकीची सोडून द्यायची, दुसरी म्हणजे ७३ व्या प्रकरणापासून सुरू करून त्याने दिलेल्या क्रमाने उड्या मारत १५५ प्रकरणांमधून हिंडायचं.

आणि जिथे काहीच चालत नाही तिथे मोठ्याने वाचा. 'युलिसिस'चं शेवटचं प्रकरण आठ लांबच लांब वाक्यांचं आहे, विरामचिन्हं जवळपास नाहीतच, डोळ्यांनी वाचलं तर भिंत वाटते आणि तोंडाने वाचलं तर श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं, कारण ती एक बाई रात्री अंथरुणात पडून स्वतःशी बोलतेय. आम्ही ते पाच जणींनी मिळून वाचलं, दमलं की पुस्तक शेजारी द्यायचं, आणि कुणी कुठे थांबावं हे ठरवायची वेळच आली नाही. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये एक गट जॉईसचीच 'फिनेगन्स वेक' अशीच मोठ्याने वाचत होता, महिन्याला एक-दोन पानं, १९९५ ला सुरू केली आणि २०२३ ला शेवटच्या पानावर पोचले, अठ्ठावीस वर्षं. त्या कादंबरीचं शेवटचं अर्धं वाक्य पहिल्या अर्ध्या वाक्याला जाऊन जोडलं जातं, म्हणून त्यांनी पुढच्या महिन्यात पहिलं पान उघडलं.

आता तुमच्याकडे परत येते. दुसरीला, जी झेपणार नाही म्हणाली, तिला पुस्तक देऊ नका, एक संध्याकाळ बसून तुम्हाला सगळ्यात आवडलेली दोन पानं वाचून दाखवा, मधलीच कुठलीतरी, सुरुवातीची नकोत, आणि पुस्तक परत पिशवीत टाका. तिने मागितलं तर द्या. पहिल्याला फोन करून विचारा की साठाव्या पानावर नेमकं काय झालं होतं, कुठली ओळ, कोण बोलत होतं, तुला काय वाटलं, आणि तो जे सांगेल त्यात त्याला दुरुस्त करू नका, लिहून घ्या. मग कॉपी उघडा, साठावं पान काढा, तुम्ही स्वतः तिथून कसे गेलात ते आठवा, आणि चौथ्याच्या हातात पुस्तक जायच्या आधी तिथे समासात पेन्सिलीने दोन ओळी लिहून ठेवा, खाली तुमचं आद्याक्षर.